लस टोचताना तोंडही बघा: कोकणातल्या पशुसंवर्धन विभागाला खुलं पत्र

प्रति,
रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या पशुसंवर्धन विभागातील सर्व अधिकारी व पशुवैद्यक

विषय: कुत्र्या-मांजरांच्या दातांची तपासणी आणि उपचार सरकारी दवाखान्यांत सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला राहते. कलमांची बाग आहे, बागेत राखणीची कुत्री आहेत आणि बंदर जवळ असल्यामुळे मांजरांना काही तोटा नाही. आमच्या भागातल्या गुरांच्या दवाखान्याबद्दल माझी तक्रार नाही. गाय अडली तर डॉक्टर भर पावसात येतात, शेळ्यांच्या लसी वेळेवर होतात. पण कुत्र्याचं किंवा मांजराचं तोंड दुखत असेल, तर त्या दवाखान्यात इंजेक्शनापलीकडे करण्यासारखं काही नसतं. तो माणसांचा दोष नाही, तिथे तशी सोयच नाही.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. कुत्रा-मांजर लसीसाठी आणलं की त्याचा ओठ उचलून दात आणि हिरड्या बघाव्यात आणि जे दिसेल ते लसीच्या कार्डावर लिहावं. आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एका ठिकाणी, म्हणजे जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात, पूर्ण भूल देऊन दात साफ करण्याची आणि काढण्याची व्यवस्था व्हावी. या दोन्ही गोष्टी का हव्यात ते सविस्तर लिहिते, कारण 'कुत्र्याचे दात' म्हटलं की बैठकीत विषय बाजूला पडतो हे मला ठाऊक आहे.

आमच्याकडे कुत्रा शोभेला नसतो. मोहोर धरल्यापासून आंबा उतरेपर्यंत बागेत वानर आणि माकडं यांच्याशी रोजचा सामना असतो. काजूच्या बागेतही तेच. रात्री रानडुकरं येतात. बागायतदार एकटा किती कलमांखाली उभा राहणार? देवगडपासून दापोलीपर्यंत कुठल्याही बागेत जा, माणसाच्या आधी कुत्रा समोर येतो. बिबट्या उचलून नेतो, फुरसं चावतं, गोचिडांचा ताप येतो, पावसात लेप्टोची भीती असते, आणि तरी तो तिथेच असतो. म्हणजे हा प्राणी आमच्या उत्पन्नाचा राखणदार आहे. बैलाच्या खुरांची आपण जितकी काळजी घेतो, तितकी त्याच्या जबड्याची घ्यायला हवी, कारण त्याचं सगळं काम जबड्यावर चालतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचीही मोजदाद झाली. म्हणजे कुत्रा आपल्या विभागाच्या हिशेबात आहे. मांजर मात्र त्या यादीत नाही. बंदरावरच्या आणि घराघरांतल्या मांजरांची संख्या सरकारदरबारी कुठेच नसल्यामुळे त्यांच्यासाठी औषध, साधनं, वेळ यांची तरतूद मागायला आधारच उरत नाही. ही उणीव गणनेच्या पातळीवर सुटेल तेव्हा सुटेल. दवाखान्याच्या नोंदवहीत मांजरांसाठी एक स्वतंत्र रकाना आजही घालता येईल.

आता दातांविषयी. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. मांजराच्या पिल्लाला २६, मोठ्या मांजराला ३०. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येऊन जातात. गावात हल्ली पॉमेरेनियनसारखी छोटी कुत्री बरीच दिसतात. त्यांचे दुधाचे सुळे पुष्कळदा पडत नाहीत, नव्या सुळ्याला चिकटून तसेच राहतात, मधल्या फटीत अन्न अडकतं आणि वर्षभरात तिथली हिरडी सुजते. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सहाव्या-सातव्या महिन्यात कुणी बघितलं तर पुढचं सगळं टळतं.

कुत्र्याचा दात माणसासारखा सहसा किडत नाही. त्याची हिरडी जाते, मग हाड जातं, आणि शेवटी धडधाकट दिसणारा दात आधार नसल्यामुळे पडतो. दातावर रोज जंतूंचा एक चिकट थर बसतो. दात स्वच्छ केला तरी तो थर चोवीस तासांत पुन्हा तयार होतो. लाळेतले क्षार त्यात उतरले की दोन-तीन दिवसांत तो टणक व्हायला लागतो आणि त्याचं किटण होतं. किटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर आणखी सहज बसतो, आणि हळूहळू तो हिरडीच्या आत सरकतो. खरा घात तिथे होतो. वरून दिसणारं पिवळं-तपकिरी किटण हा त्या दुखण्याचा दिसणारा भाग. दाताचा अर्ध्याहून अधिक भाग हिरडीखाली, हाडात असतो, आणि तिथे पू साचत असतो. नुसती हिरडी सुजली असेल तोवर ती पूर्ववत होते. एकदा हाड झिजलं की ते परत येत नाही. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यांत सर्वांत जास्त आढळणारा आजार हाच, आणि तीन वर्षांच्या पुढच्या बहुतेक जनावरांत तो कमी-जास्त प्रमाणात असतोच. तोंडातला हा जुना संसर्ग आणि हृदय, मूत्रपिंड, यकृतातले बिघाड यांचा संबंधही अभ्यासांत दिसून आलेला आहे.

एवढं सगळं आत चाललेलं असतं आणि जनावर खात असतं. यामुळेच घरातल्यांना कळत नाही. 'खातोय ना, मग दुखत नसणार,' असं आमच्याकडे सर्रास म्हटलं जातं. कुत्रा दुखऱ्या बाजूने चावणं सोडतो आणि दुसऱ्या बाजूने गिळतो. मांजर अंग चाटणं बंद करतं, केस चिकट होतात, आणि आपण म्हणतो म्हातारं झालं. तोंडाचा वास तर 'कुत्र्याच्या तोंडाला यायचाच' म्हणून सोडून दिलेला असतो. निरोगी तोंडाला असा कुजका वास येत नाही, हे एक वाक्य जरी प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आमच्या वाडीतल्या एका राखणीच्या कुत्र्याचं उदाहरण देते. त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. घरच्यांना वाटलं गांधीलमाशी चावली. चार दिवसांनी सूज फुटून पू आला, तेव्हा दवाखान्यात नेला. इंजेक्शनं झाली, जखम सुकली. काही आठवड्यांनी तिथेच पुन्हा सूज, पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा सुकली. असं बरेच महिने चाललं. डोळ्याचंच काहीतरी असेल म्हणून डोळ्यात थेंबही घालून झाले. शेवटी कोल्हापूरला नेल्यावर कळलं की वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरली होती आणि तिच्या मुळाशी पू होता. दाढ काढली आणि सूज कायमची गेली.

आपण पशुवैद्यक आहात, तुम्हाला हे नवीन नाही. पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते: वरच्या जबड्यातली ही मांस कातरणारी दाढ तीन मुळांची असते आणि ती मुळं थेट डोळ्याखालच्या हाडापर्यंत गेलेली असतात. हाड, दगड, साखळी, नारळाची करवंटी असं काहीतरी चावताना दाढेचा कपचा उडतो, आतली शीर उघडी पडते, जंतू मुळापर्यंत उतरतात आणि गळू गालावर, डोळ्याखाली फुटतं. दाढ तिथे असेपर्यंत कितीही अँटिबायोटिक द्या, सूज परत येणारच. मधल्या काळात जंतू औषधाला सरावतात ते वेगळंच. त्या कुत्र्याच्या धन्याने कोल्हापूरच्या खेपेवर जो खर्च केला तो तर झालाच, पण त्याहून मला सलतं ते हे की ऐन आंब्याच्या हंगामात ते जनावर महिनोन्महिने ठणका सोसत बागेत भुंकत होतं, आणि पहिल्या दिवशी कुणी ओठ वर करून पाहिलं असतं तर दुखण्याचं मूळ त्याच दिवशी दिसलं असतं.

कोल्हापूरच का, असं कुणी विचारेल. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला दातांसाठी घाटच चढावा लागतो. राजापूरकर अणुस्कुऱ्याने चढतात, रत्नागिरीकर आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, चिपळूणचे कुंभार्ली चढून कऱ्हाडला, सावंतवाडीचे आंबोलीमार्गे बेळगावला नाहीतर खाली गोव्यात. दापोली-गुहागरवाल्यांचा ओढा मुंबईकडे. शहरांच्या ठिकाणी खासगी प्रॅक्टिस करणारे चांगले डॉक्टर आहेत, पण मोजके, आणि त्यांच्याकडेही दातांची पूर्ण साधनं असतीलच असं नाही. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. एसटीत दुखणाईत कुत्रा घेऊन चढणं अवघड. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे घ्या, नाहीतर कुत्र्याला गार्डाच्या डब्याजवळच्या पेटीत टाका. तोंडात गळू झालेल्या जनावराला पेटीत घालून रात्रभराचा प्रवास कुणी करावा? स्वतःची गाडी असलेला माणूस जातो. बाकीचे जात नाहीत. बाकीच्यांची जनावरं सोसत राहतात.

पहिलं मागणं, म्हणजे ओठ उचलून बघणं, याला खर्च नाही. रेबीजची लस दरवर्षी टोचायचीच आहे. शिबिरं होतात, लोक कुत्री घेऊन येतात, जनावर धरलेलं असतं. त्याच वेळी वरचा ओठ दोन्ही बाजूंनी उचलला, सुळे आणि दाढा बघितल्या, हिरडीचा रंग आणि किटण बघितलं, की अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तोंड उघडायचीही गरज नाही. कार्डावर चार शब्द: हिरडी ठीक, किटण आहे, दात मोडलेला, पुढे पाठवावे. पुढच्या वर्षी तेच कार्ड समोर आलं की तुलना करता येईल. आणि कार्डांवरून मोजणी केली की विभागाकडे कोकणातल्या जनावरांच्या तोंडांची खरी माहिती जमेल, जी आज कुणाकडेच नाही.

पण तोंड तपासा असं म्हणताना एक सावधगिरी ठळक अक्षरांत लिहायला हवी. लाळ गळते आहे, खालचा जबडा लोंबतो आहे, पाणी गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलला आहे, असा कुत्रा दिसला की वाडीतली माणसं म्हणतात, 'घशात हाड अडकलं,' आणि तोंडात हात घालून शोधायला जातात. ही रेबीजची मूक अवस्था असू शकते. तिच्यात कुत्रा चवताळलेला नसतो, मलूल असतो, आणि म्हणूनच माणसं बेसावध राहतात. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो आणि हाताला साधा ओरखडा असला तरी पुरतो. अशा जनावराच्या तोंडाला हात लावायचा नाही, ते वेगळं बंद करून ठेवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. हात लागलाच असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करायची. माणसात लक्षणं दिसू लागल्यावर या रोगातून जवळजवळ कुणी वाचत नाही.

यातूनच माझी आणखी एक विनंती निघते. जे तोंड तपासणार, ते पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक, परिचर, या सगळ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच मिळालेली असावी. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर स्वतःची काळजी घेतात आणि जनावर धरणारा परिचर तसाच राहतो. जनावराच्या तोंडाशी सर्वांत जवळ हात त्याचाच असतो. कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचं २०३० पर्यंत निर्मूलन करण्यासाठी केंद्राने २८ सप्टेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यासाठी भागातल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना लस पोचायला हवी. लोकांनी कुत्री आणावीत असं वाटत असेल, तर शिबिरात लसीशिवाय आणखी काही मिळतं हे त्यांना दिसायला हवं. 'दातही बघून देतात' एवढं कळलं तरी माझ्या ओळखीतले कितीतरी जण येतील.

मांजरांचं दुखणं वेगळं आहे आणि ते जास्त दुर्लक्षित आहे. हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदरावर मासळी उतरत असताना जरा बारकाईने बघा. एखादं मांजर बांगड्याच्या डोक्याजवळ जातं, हुंगतं, तोंडात घेतं आणि किंचाळून मागे सरतं. मग पुन्हा जातं. त्याला भूक असते, पण खाता येत नाही. त्याच्या तोंडात मागच्या बाजूला लालभडक मांस वाढलेलं असतं, लाळेत रक्त असतं, पुढच्या पायाने ते सारखं तोंड पुसत असतं. ही तोंडभर पसरणारी जुनाट सूज मांजरांत होते. तिच्यामागे कॅलिसीसारख्या विषाणूंचाही हात असतो. दुसरा आजार असा की दात मुळाशी आतून विरघळत जातो आणि हिरडीच्या कडेला गुलाबी खळगा पडतो. त्याला बोट लागलं तरी मांजर थरथरतं.

या दोन्हींवर बहुतेक वेळा उपाय एकच: दुखरे दात काढणं. पसरलेल्या सुजेत तर सगळ्या दाढा काढाव्या लागतात. ऐकायला क्रूर वाटतं. पण बिनदाढांचं मांजर कुस्करलेला मासा-भात उत्तम खातं, आणि दाढा गेल्यावर बहुतेक मांजरांना चांगला आराम पडतो. आज आमच्या किनाऱ्यावर त्याऐवजी काय होतं? मांजर वाळत जातं आणि एक दिवस दिसेनासं होतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर मऊ काही मिळतच नाही, तेव्हा अशी मांजरं सर्वांत आधी जातात.

घरची मांजरं दुसऱ्याच एका मार्गाने मरतात. तोंड दुखतंय हे घरातल्या एखाद्या मायाळू माणसाच्या लक्षात येतं आणि तो तापाची पॅरासिटामॉलची गोळी दुधात कालवून देतो. मांजराचं शरीर हे औषध पचवू शकत नाही. एक गोळीसुद्धा जीव घेते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही माणसांची वेदनाशामकंही कुत्र्या-मांजरांना घातक आहेत. ही माहिती औषधाच्या दुकानांत, आशाताईंकडे, ग्रामपंचायतीच्या फलकावर जायला हवी, आणि ती सांगण्याचा अधिकार आणि वजन आपल्या विभागाकडे आहे. माझ्यासारखीने सांगितलं की लोक म्हणतात, 'आमच्या आधीच्या मांजराला दिली होती, काही झालं नाही.'

बंदरावरचा आणखी एक नेहमीचा प्रकार म्हणजे ओठात किंवा जिभेत अडकलेला गळ. लोक दोरा धरून ओढतात आणि काटेरी टोक मांस फाडत येतं. तो गळ पुढे ढकलून टोक कापून काढायचा असतो, आणि त्याला भूल लागतेच.

इथे दुसऱ्या मागण्याकडे येते. दातांचं कुठलंही खरं काम भुलेशिवाय होत नाही. शहरांत 'भूल न देता दात साफ करून देतो' अशी जाहिरात करणारे आहेत. त्यात जनावराला दाबून धरतात आणि वरचं किटण खरवडतात. दात चकाचक दिसतो, हिरडीखालचं सगळं तसंच राहतं, आणि धन्याचा समज होतो की काम झालं. लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांची जागतिक संघटना, वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटरनरी असोसिएशन, हिने आपल्या दंतविषयक मार्गदर्शक सूचनांत हा प्रकार स्पष्ट नाकारला आहे. आमच्याकडे सोय करायची तर ती पूर्णच करावी. भूल, श्वासनलिकेत नळी घालायची व्यवस्था म्हणजे साफ करतानाचं पाणी आणि घाण फुप्फुसात उतरणार नाही, ऑक्सिजन, अल्ट्रासॉनिक स्केलर म्हणजे कंपनांनी किटण काढायचं यंत्र, नंतर दात गुळगुळीत करायचं साधन, दात काढायची हत्यारं, आणि दातांचा छोटा एक्स-रे. एक्स-रेवर मी जरा आग्रहाने भर देते, कारण मूळ हाडात असतं. ते न बघता दात काढायला गेलं तर मूळ तुटून आत राहतं. हिरडी सडलेल्या छोट्या कुत्र्याचा खालचा जबडा इतका झिजलेला असतो की दात काढताना तो मोडूही शकतो.

ही साधनं प्रत्येक तालुक्यात द्या असं मी म्हणत नाही. जिल्ह्याला एक टेबल पुरे. आठवड्यातला एक दिवस ठरवा. तालुक्याच्या दवाखान्यांनी लसीच्या वेळी सापडलेली जनावरं त्या दिवसासाठी पाठवावीत. नोंदणीकृत पशुवैद्यकानेच हे काम करायचं, हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ मुळे ठरलेलंच आहे, म्हणून जिल्ह्यातले दोन-तीन डॉक्टर प्रशिक्षणाला पाठवावे लागतील. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभं आहे, शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय घाटापलीकडेच आहे, दोन्ही महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची. तिथल्या शिक्षकांना कोकणात आणून शिबिर घेता आलं तर आणखी बरं, कारण आमची मासे खाणारी, नारळाची सोडणं कुरतडणारी जनावरं त्यांनाही बघायला मिळतील. नसबंदीच्या शस्त्रक्रियांतही संधी आहे: प्राणी जन्मनियंत्रण नियम २०२३ प्रमाणे भटकी कुत्री भुलेखाली घेतली जातातच. जनावर झोपलेलं असताना तोंड उघडून बघणं आणि नोंद करणं एवढं तरी त्यात बसवावं.

पैशाचा प्रश्न निघेल. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, त्यातून हे टेबल बसवता येईल. आणि सेवा फुकट द्या असंही माझं म्हणणं नाही. वाजवी शुल्क ठेवा. आज जो बागायतदार घाट चढून गाडीभाडं भरतो, तो ते आनंदाने देईल. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी शिबिराचा दिवस असावा.

'माणसांना दवाखाने नाहीत आणि तुम्ही कुत्र्याचे दात काढताय,' हे मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. माणसांच्या दवाखान्यांची मागणी मीही करते, त्या अर्जांवर माझी सही आहे. पण ते खातं वेगळं. आपल्या खात्याचं काम जनावरांच्या आरोग्याचं आहे, आणि लस टोचलेला, तोंड तपासलेला, माणसाने हाताळायला सरावलेला कुत्रा हा वाडीतल्या पोराबाळांच्याही सुरक्षिततेचा भाग आहे. तोंड ठणकणारा कुत्रा लवकर चावतो.

घरच्यांनी काय करावं याचं एक साधं पत्रक विभागाने मराठीत काढावं, ही जाता जाता विनंती. त्यात फार नको. पिल्लू दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून बोटाला ओलं मऊ कापड गुंडाळून दातांच्या बाहेरच्या बाजूवर रोज फिरवावं; मग लहान मुलांचा मऊ ब्रश. थर पुसला जाणं महत्त्वाचं, पेस्ट नसली तरी नुसतं पाणी चालतं. माणसांची टूथपेस्ट नको, कारण जनावर ती गिळतं. काहींत झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. मशेरी तर मुळीच नको, तंबाखू पोटात जातो. आधीच हिरडी सुजलेली असेल तर घासल्याने दुखतं, आधी डॉक्टरांना दाखवावं. आणि चावायला जे द्याल त्यात नख रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर ते दाढेपेक्षा टणक आहे असं समजावं. बैलाचं हाड, शिंग, करवंटी या सगळ्या गोष्टी त्यात आल्या.

सुरुवात मोठी नसली तरी चालेल. यंदाच्या २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिनाला, जी शिबिरं होतील त्यांत कार्डावर 'तोंड' असा एक रकाना छापून घ्यावा. त्या सुमारास आमच्याकडे हळव्या भाताची कापणी तोंडावर आलेली असते, तेव्हा शिबिर सकाळी लवकर ठेवावं आणि तारीख आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. कुत्री बांधून आणणं, मुसकी घालणं, धरून उभं राहणं, हे आम्ही बागायतदार करू. बंदरावरची मांजरं टोपलीत घालून आणायला कोळीवाड्यातल्या दोन-तीन बायका आत्ताच तयार आहेत. टेबलाच्या मागणीचं काय झालं, ते मात्र लेखी कळवावं.

आपली,
राजापूर तालुक्यातील एक बागायतदार